केळीच्या पट्टीपासून सुरुवात : नव्या डेव्हलपरसाठी एआय कोडिंग टूल्सची वाट

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांसाठी हा लेख आहे. पदवी हातात घेऊन पुण्याचं तिकीट काढावं की इथंच काही करावं, या विचारात असलेल्यांनाही तो उपयोगी पडेल. प्रोग्रामिंग कच्चं असलं तरी चालेल. अजिबात येत नसेल, तर पहिल्या पायरीवर जरा जास्त दिवस थांबा.

आधी काय बदललं ते पाहू. जून २०२१ मध्ये गिटहबने कोपायलट हे कोड सुचवणारं टूल चाचणीसाठी खुलं केलं, तेव्हा ते पुढची ओळ करड्या अक्षरांत सुचवायचं आणि टॅब दाबला की ओळ पक्की व्हायची. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आलं आणि लोक ब्राउझरमध्ये विचारून उत्तर एडिटरमध्ये चिकटवू लागले. २०२५ पासून जोर आहे तो एजंटचा. क्लॉड कोड, कर्सर, कोडेक्स, जेमिनी सीएलआय ही मंडळी तुमच्या फोल्डरमधल्या फाइली स्वतः उघडतात, चार-पाच ठिकाणी एकदम बदल करतात, टर्मिनलमध्ये कमांड चालवतात आणि एरर आला की तो वाचून पुन्हा प्रयत्न करतात.

कंपनीत लागल्यावर नवख्याला पहिले काही महिने जी कामं मिळायची, ती नेमकी ही होती. लॉगिनचा फॉर्म, एक्सेलमध्ये रिपोर्ट काढणं, छोटा बग, टेस्ट लिहिणं. अशा कामांवर हात बसायचा. आता सीनिअर माणूस ती एजंटकडून दुपारच्या चहाआधी करून घेतो. म्हणून नवख्याला पहिल्या दिवसापासून सीनिअरचं काम थोडं थोडं करावं लागणार, असं माझं मत आहे. काम नेमकं सांगायचं, आलेला कोड वाचायचा आणि चूक असेल तर परत पाठवायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन गोष्टींच्या सरावासाठी आहेत.

पायरी १ : टूल बंद ठेवून पाया

एक भाषा घ्या, पायथन किंवा जावास्क्रिप्ट. सोबत एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा), गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल), आणि ब्राउझर सर्व्हरला काय पाठवतो व सर्व्हर काय परत देतो याची समज. एवढं होईपर्यंत एडिटरमधल्या आपोआप सूचना बंद ठेवा. व्हीएस कोडमध्ये ती सोय सेटिंगमध्ये आहे. शंका चॅटमध्ये जरूर विचारा, पण "कोड देऊ नको, मी कुठे चुकतोय ते समजावून सांग" असं बजावून. मराठीत विचारलं तरी चालतं.

पाया झाला हे ओळखायचं कसं? दुसऱ्याने लिहिलेला पन्नास ओळींचा कोड घ्या आणि प्रत्येक ओळ काय करते ते मित्राला सांगा. अडखळलात तर अजून थोडे दिवस.

पायरी २ : सामान

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, व्हीएस कोड, गिट आणि गिटहबचं खातं पुरे. कॉलेजच्या ओळखपत्रावर गिटहबचा विद्यार्थी पॅक मिळतो, त्याचा अर्ज आजच करा. बहुतेक टूल्सना फुकट वापराची मर्यादा असते आणि ती बदलत राहते, तेव्हा पैसे भरायची घाई नको. लाइट आणि नेटचा भरवसा नसलेल्या गावात असाल तर ओलामा बसवून एखादं छोटं मॉडेल लॅपटॉपवरच चालवता येतं. ते मंद असतं आणि मोठ्या मॉडेलइतकं हुशार नसतं. तरी नेट गेल्यावर एखादं फंक्शन समजावून घ्यायला पुरतं.

पायरी ३ : जवळचं काम शोधा आणि ते कागदावर उतरवा

इथे बहुतेक जण घसरतात. यूट्यूबवर पाहून टू-डू लिस्ट किंवा हवामानाचं ॲप करतात. तसली ॲप्स एजंट एका दमात बनवून देतो, त्यामुळे तुम्ही काहीच शिकत नाही आणि मुलाखतीत त्याकडे कोणी बघतही नाही. ज्याचे नियम इंटरनेटवर लिहिलेले नाहीत असं काम हवं. आपल्याकडे त्याला तोटा नाही. रावेर-यावलचा केळी व्यापारी, नंदुरबारची मिरचीची पथारी, जळगावची डाळ मिल, भुसावळमधला टिफिनवाला, यातलं कुणीही चालेल.

उदाहरण म्हणून केळीची पट्टी घेऊ. शेतकऱ्याचा माल भरला, वजन झालं, भाव ठरला, वजावटी झाल्या आणि हातात किती पडले याचा हिशेब म्हणजे पट्टी. ऐकायला सोपं वाटतं. आता व्यापाऱ्याकडे वही घेऊन बसा आणि विचारा. काका, नवती, पिलबाग, कांदेबाग या केळीच्या प्रकारांचे भाव वेगळे लावता का? वापसीचा माल त्याच पट्टीत की वेगळ्या? भाव क्विंटलचा, पण वजन किलोत, मग अपूर्णांकाचं काय करता? कटती, म्हणजे शेकड्याने होणारी वजावट, वजनातून की रकमेतून? हमाली, तोलाई, गाडीभाडं कोणाच्या माथी? आधी दिलेली उचल याच पट्टीतून पूर्ण कापता की थोडी थोडी?

यातला एक प्रश्न आकड्यांत बघा. माल १२,४८० किलो, भाव क्विंटलला १,४५० रुपये, कटती शेकडा २ धरू. पूर्ण रकमेतून कटती काढली तर हाती १,७७,३४०.८० येतात. वजनातून काढली तर निव्वळ वजन १२,२३०.४ किलो होतं. ते व्यापाऱ्याने सवयीने १२,२३० धरलं की रक्कम १,७७,३३५ होते. फरक पाच रुपये ऐंशी पैशांचा. पण शेतकरी घरी जाऊन पुन्हा हिशेब करतो, आणि आकडा जुळला नाही तर फोन तुम्हालाच येतो. दोन्ही पद्धतींचा कोड एजंट बिनचूक लिहील. त्यातली कुठली हवी, हे त्याला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. नव्या मुनीमासारखं आहे ते, अक्षर सुंदर, हात भरभर, पण या पेढीचा रिवाज त्याला कुणी सांगितलेला नाही.

म्हणून "केळी व्यापाऱ्यासाठी बिलिंग ॲप बनव" एवढंच सांगू नका. तसं सांगितलंत की एजंट स्वतःच्या अंदाजाने नियम भरतो, आणि स्क्रीन इतकी देखणी येते की आतला अंदाज दिसत नाही. बऱ्याचदा तो जीएसटीची ओळसुद्धा टाकून देतो. ताज्या फळांवर जीएसटी शून्य आहे. वेफर्स विकले तर गोष्ट वेगळी, पण ती तुमच्या व्यापाऱ्याची गोष्ट नाही.

त्याऐवजी एक-दीड पानाचा मजकूर लिहा. कोण वापरणार, कोणते आकडे आत येतात, कोणत्या क्रमाने वजावट होते, कुठे पूर्णांक करायचा, काय करायचं नाही. शेवटी जुन्या वहीतल्या दहा-बारा खऱ्या पट्ट्या आकड्यांसह, पण शेतकऱ्यांची नावं काढून. हा कागद मराठीत लिहायला हरकत नाही. फक्त डेटाबेसमधली रकान्यांची नावं रोमन लिपीत ठरवून टाका, पुढे सोयीचं पडतं.

पायरी ४ : आधी आराखडा मागा

कागद एजंटला द्या आणि सांगा, "कोड लिहू नकोस. आधी तुला काय कळलं ते सांग, न कळलेल्या गोष्टींचे प्रश्न विचार, मग टप्पे लिही." क्लॉड कोड, कर्सर यांत यासाठी आराखड्याचा वेगळा मोड आहे. तो विचारतो ते प्रश्न पुष्कळदा खरोखर चांगले असतात. उचल बाकी राहिली तर ती पुढच्या पट्टीत आपोआप ओढायची का, हे तुम्ही काकांना विचारलेलंच नसतं. मग पुन्हा एक फेरी मारा.

कायमच्या सूचना एका फाइलीत ठेवा. क्लॉड कोड 'क्लॉड डॉट एमडी' नावाची फाइल वाचतो, इतर बरीच टूल्स 'एजंट्स डॉट एमडी' वाचतात. तिच्यात पैसे कसे साठवायचे, तारखेची पद्धत, कोणत्या फाइलींना हात लावायचा नाही, टेस्ट कशी चालवायची एवढं लिहिलं की बास. या फाइलीचा निबंध करू नका.

पायरी ५ : छोटे घास, आणि प्रत्येक घास वाचून

एका वेळी एकच टप्पा द्या. आधी फक्त हिशेबाचं फंक्शन, ना स्क्रीन, ना डेटाबेस. ते बरोबर आलं की गिटमध्ये कमिट, म्हणजे बदलाची पक्की नोंद, मग पुढचं. कमिट केल्याशिवाय एजंटला नवं काम देऊ नये, कारण बिघडलं की मागे जायला जागा हवी.

प्रत्येक टप्प्यावर काय बदललं ते ओळ-ओळ वाचा. कुठे नजर ठेवायची ते सांगतो, कारण "कोड वाचा" असं सगळेच म्हणतात आणि नवख्याला नेमकं काय बघायचं ते कळत नाही.

पैसे आधी बघा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक बायनरीत साठवतो, म्हणून असं होतं. त्यामुळे रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवायची आणि दाखवताना शंभराने भागायची. एजंटला हे माहीत असतं, पण सांगितलं नाही तर तो सरळ अपूर्णांक वापरून मोकळा होतो.

मग मराठी आकडे. काकांच्या फोनवर मराठी कीबोर्ड असेल तर वजन '१२४८०' असं येईल. पायथन ते बरोबर आकडा म्हणून वाचतं. जावास्क्रिप्ट 'हा आकडाच नाही' असं उत्तर देतं. एजंटने आपणहून दिलेल्या टेस्ट बहुधा रोमन आकड्यांच्याच असतात, त्यामुळे ही चूक टेस्टमधून सुटते आणि थेट बांधावर सापडते. रक्कम दाखवताना लाख-हजाराचे स्वल्पविराम नीट पडतात का हेही बघा. लोकॅल, म्हणजे देशाप्रमाणे आकडे-तारखा दाखवायची सेटिंग, अमेरिकेचा राहिला तर पावणेदोन लाखांच्या आकड्यात स्वल्पविराम नको तिथे पडतो. तारखेचंही तसंच, ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे?

पट्टीची पीडीएफ काढताना जोडाक्षरं तपासा. बऱ्याच पीडीएफ लायब्ररींना देवनागरीची जुळणी जमत नाही आणि 'व्यापारी' चं भलतंच काही होतं. सोपा उपाय म्हणजे पट्टी ब्राउझरमध्ये दाखवून तिथूनच पीडीएफ छापायची, कारण ब्राउझर अक्षरं नीट जुळवतो.

वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर येतो तिथे तो थेट एसक्यूएलमध्ये जोडून कमांड बनवली आहे का ते पाहा, असेल तर परत पाठवा, नाहीतर त्या मजकुरातून कुणी डेटाबेसला भलतीच कमांड देऊ शकतो. आणि एरर गिळणारे कोपरे शोधा. एजंटला प्रोग्राम बंद पडू नये याची इतकी काळजी असते की तो चूक पकडून गुपचूप शून्य परत देतो. मग पट्टीत रक्कम शून्य दिसते आणि कुठे काय बिघडलं याचा पत्ता लागत नाही.

न कळलेली ओळ ठेवू नका. विचारा, "ही ओळ काढली तर काय होईल?" उत्तर आलं की खरंच काढून बघा.

पायरी ६ : टेस्ट वहीतून घ्या

एजंटला म्हणालात "कोड लिही आणि टेस्टही लिही", तर दोन्ही एकाच गैरसमजातून येतात आणि एकमेकांना पास करतात. तुमच्याकडे वहीतल्या खऱ्या पट्ट्या आहेत. त्यांचे आकडे तुम्ही स्वतः टेस्टमध्ये भरा. दुसरं असं की एखादी टेस्ट नापास झाली तर कोड दुरुस्त करण्याऐवजी एजंट कधीकधी टेस्टच बदलून टाकतो. म्हणून टेस्टची फाइल बदललेली दिसली की हात थांबवा आणि का ते विचारा.

पायरी ७ : पॅकेज, परवानग्या, गुपितं

ही मॉडेल्स कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचं) नाव आत्मविश्वासाने सांगतात. तशा नावाने कुणी मुद्दाम घातक पॅकेज टाकून ठेवलं असेल तर इन्स्टॉल करताच ते तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरतं. या प्रकाराला आता 'स्लॉपस्क्वॉटिंग' म्हणतात. पॅकेज घेण्याआधी त्याचं पान उघडा, किती जुनं आहे, किती लोक वापरतात, मूळ कोड कुठे आहे ते पाहा.

एजंट कमांड चालवण्याआधी परवानगी मागतो. कंटाळून "सगळ्याला हो" करून ठेवायचा मोह होतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या प्लॅटफॉर्मवरच्या एजंटने, बदल थांबवा अशी सूचना असतानाही, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसला होता. रेप्लिटच्या प्रमुखांनी असं घडायलाच नको होतं असं जाहीरपणे मान्य केलं. धडा सरळ आहे, खऱ्या डेटाबेसची किल्ली एजंटच्या हाती देऊ नका. लॅपटॉपवर नकली डेटा ठेवून काम करा.

पासवर्ड, एपीआय की, शेतकऱ्यांचे आधार आणि बँक खाते क्रमांक चॅटमध्ये चिकटवू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा छोट्या व्यापाऱ्यालाही विसरता येणार नाही, आणि त्याचा डेटा सांभाळणारे तुम्ही आहात. कंपनीत गेलात तर कोणतं टूल चालतं आणि कोणतं नाही हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. न विचारता कंपनीचा कोड बाहेरच्या चॅटमध्ये टाकला म्हणून नोकरी अडचणीत आणण्यात अर्थ नाही.

वेगाबद्दल एक मधलीच गोष्ट

२०२५ च्या जुलैमध्ये मेटर या संशोधन संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी डेव्हलपर, स्वतःचेच ओळखीचे ओपन सोर्स प्रकल्प, २४६ कामं. एआय वापरलं तेव्हा त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत म्हणजे काम संपल्यावर त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं. लोक थोडे आहेत, टूल्स त्या वर्षाच्या सुरुवातीची आहेत, आणि नवख्याचं नव्या प्रकल्पात वेगळं होऊ शकतं. तरी 'भरभर चाललंय' या भावनेवर विसंबू नये एवढं त्यातून नक्की घ्यावं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओपनएआयच्या संस्थापकांपैकी एक, आंद्रे कार्पथी यांनी कोड न वाचता जे येईल ते स्वीकारत जाण्याला 'व्हाइब कोडिंग' हे नाव दिलं. शनिवार-रविवारच्या फेकून द्यायच्या प्रकल्पांसाठी ते वाईट नाही, असं त्यांनीच म्हटलं होतं. नावाची हवा झाली आणि ही अट मागे पडली.

पायरी ८ : मुलाखत

रिझ्युमेवर "एआय टूल्सचं ज्ञान" एवढं लिहून काही होत नाही, ते आता सगळेच लिहितात. गिटहबवर पट्टीचा प्रकल्प ठेवा. त्यासोबत काकांशी झालेल्या बोलण्यातून उतरवलेला कागद, छोट्या-छोट्या कमिटचा इतिहास, आणि एजंटने दिलेलं काय तुम्ही नाकारलं व का, याच्या चार ओळी. पुण्यातल्या मुलाखतीत केळी विषय निघाला की लाजायचं कारण नाही. कटती वजनातून की रकमेतून हा प्रश्न ज्याने विचारला, त्याला गिऱ्हाइकाशी बोलता येतं हे समोरच्याला लगेच कळतं. एआय वापरलं का असं विचारलं तर सरळ हो म्हणा. पुढचा प्रश्न "हे फंक्शन समजावून सांगा" असा येतो, आणि पाचवी पायरी मनापासून केली असेल तर तिथे अडणार नाही.

कॉलेजच्या प्रोजेक्टचंही हेच. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (कबचौ उमवि) असोत की शिरपूर-फैजपूरच्या कॉलेजच्या, तोंडी परीक्षेत परीक्षक कोडपेक्षा तुमच्याकडे जास्त बघतात.

इथेच राहून काम करायचं असेल तर

व्यापारी एक वाक्य हमखास बोलतो, "एआयनेच केलं ना, मग पैसे कशाचे?" रागावू नका, प्रश्न रास्त आहे. टायपिंगचे पैसे आता कोणी देणार नाही. त्यांना सांगा की पट्टी चुकली तर फोन मला येणार, हमालीचा दर बदलला तर दुरुस्ती मी करणार, फोन हरवला तर हिशेब मी परत आणून देणार. त्या जबाबदारीचे पैसे आहेत. दरपत्रकात बनवण्याची रक्कम कमी ठेवा आणि वर्षाच्या देखभालीची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. त्यात सर्व्हर, बॅकअप, टूलचं मासिक शुल्क आणि वर्षातून किती बदल फुकट, हे आकड्यांत मांडा. तोंडी ठरवू नका, व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. नियम बदलला की आधी कागदावर आणि टेस्टमध्ये बदल करा, मग एजंटला सांगा. उलट केलं तर सहा महिन्यांनी कागद एक म्हणतो आणि पट्टी दुसरंच, आणि तेव्हा कोणता नियम खरा हे फक्त काकांना आठवत असतं.